रुग्णाच्या हाती आलेले मोजमाप : मधुमेहातील रुग्णशिक्षण व स्वव्यवस्थापन यांचा ऐतिहासिक आढावा

गोषवारा :
मधुमेह हा आयुष्यभर सोबत राहणारा विकार असून त्याच्या उपचारातील बहुतांश कृती डॉक्टरांच्या नव्हे, तर रुग्णाच्या हातून घडतात. एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत रुग्णशिक्षणाची कल्पना कशी विकसित होत गेली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. मोजमाप, ज्ञान आणि निर्णयाचा अधिकार या तीन गोष्टी रुग्णाकडे एकाच वेळी आल्या नाहीत. ज्या काळात व ज्या ठिकाणी त्या एकत्र आल्या, तेथे रक्तशर्करेचे नियंत्रण अधिक चांगले साधले, असे या आढाव्यातून दिसून येते.

बीजशब्द : मधुमेह, रुग्णशिक्षण, स्वव्यवस्थापन, रक्तशर्करा, इन्शुलिन.

१. प्रस्तावना :
विषमज्वराचा रुग्ण काही आठवडे डॉक्टरांच्या स्वाधीन असतो आणि बरा होऊन आपल्या कामाला लागतो. मधुमेहाचे तसे नाही. वर्षातून चार वेळा डॉक्टरांकडे जाणारा रुग्ण प्रत्येक भेटीत पंधरा मिनिटे त्यांच्यासमोर बसतो असे गृहीत धरले, तरी वर्षातील ८,७६० तासांपैकी केवळ एक तास तो वैद्यकीय देखरेखीखाली असतो. उरलेल्या ८,७५९ तासांत काय खावे, किती चालावे, औषध केव्हा घ्यावे आणि घाम फुटून हातपाय थरथरू लागले तर काय करावे, हे सर्व निर्णय त्याला किंवा त्याच्या घरच्या माणसांना घ्यावे लागतात. म्हणजेच मधुमेहाचे स्वव्यवस्थापन ही उपचाराची पुरवणी नसून उपचाराचे मुख्य अंग आहे.

ही गोष्ट आज उघड वाटत असली, तरी ती वैद्यकाला मान्य होण्यास दीर्घ काळ लागला. मधुमेहाचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. इन्शुलिन, गोळ्या, चाचणीपट्ट्या, रक्तशर्करामापक असा त्याचा क्रम असतो. या शोधांच्या आड आणखी एक इतिहास आहे. तो डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील ज्ञानाच्या व अधिकाराच्या वाटणीचा आहे. प्रस्तुत निबंधाचा भर या दुसऱ्या इतिहासावर आहे.

२. मोजमापापूर्वीचा काळ :
प्राचीन भारतीय वैद्यकाला प्रमेह आणि मधुमेह यांची चांगली ओळख होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेही रुग्णासाठी आहाराबरोबर श्रमाचाही उपचार सांगितला आहे. निर्धन रुग्णाने पादत्राण व छत्र यांच्याविना, भिक्षेवर निर्वाह करीत, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने चालावे, असा त्यातील उपदेश प्रसिद्ध आहे. रुग्णाच्या आर्थिक स्थितीनुसार उपचार बदलण्याची ही दृष्टी लक्षणीय आहे. तथापि, आपल्या पथ्याचा परिणाम किती झाला हे रुग्णाला लक्षणांवरूनच ओळखावे लागे. तहान आणि मूत्राचे प्रमाण यांपलीकडे त्याच्याजवळ कोणतेही प्रमाण नव्हते.

१७७६ मध्ये लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन यांनी मधुमेही रुग्णाच्या मूत्रातील गोडी साखरेमुळे असल्याचे दाखविले, तसेच रक्तद्रवही गोड असल्याची नोंद केली. पुढील शतकात मूत्रातील साखर ओळखण्याच्या रासायनिक कसोट्या तयार झाल्या. रुग्णाने स्वतः आपल्या मूत्राची नित्य तपासणी करावी, असा आग्रह धरणाऱ्या पहिल्या वैद्यांमध्ये पॅरिसचे अपोलिनेर बुशार्दा (१८०६-१८८६) यांची गणना होते. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना अन्नटंचाईमुळे आपल्या मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर कमी झाल्याचे त्यांना आढळले. पिष्टमय पदार्थांवर नियंत्रण, हिरव्या भाज्या आणि भरपूर शारीरिक श्रम ही त्यांच्या उपचाराची त्रिसूत्री होती. बुशार्दा यांच्या पद्धतीत मोजमाप प्रथमच रुग्णाच्या दिनचर्येत आले. मात्र नियम वैद्याचे होते आणि रुग्णाने ते पाळायचे होते.

३. बॉस्टनमधील पाठशाळा : इलियट जॉस्लिन :
इन्शुलिनपूर्व काळातील अखेरचा उपचार म्हणजे उपासमार. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन यांनी प्रचारात आणलेल्या या पद्धतीत रुग्णाचा आहार इतका घटविला जाई, की मूत्रातील साखर नाहीशी होई. पण रुग्णही अस्थिपंजर होई. बालरुग्णांना त्यामुळे काही महिन्यांचे, क्वचित दोन-तीन वर्षांचे आयुष्य अधिक मिळे. हा आहार तोलून-मापून घरी द्यायचा, तर रुग्णाला आणि त्याच्या आईला अन्नपदार्थांचे गणित शिकविणे भाग होते. रुग्णशिक्षणाचा जन्म असा अगतिकतेतून झाला.

बॉस्टन येथील इलियट जॉस्लिन (१८६९-१९६२) यांनी या गरजेला शास्त्राचे रूप दिले. १९१६ मध्ये त्यांचा मधुमेहाच्या उपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर व रुग्ण या दोघांच्या उपयोगासाठी म्हणून एक स्वतंत्र मार्गदर्शिका लिहिली. एकाच पुस्तकाचे हे दोन वाचक असू शकतात, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. त्यांच्या रुग्णालयात रुग्णांचे वर्ग भरत. मूत्रतपासणी, अन्नाचे वजन, पायांची निगा आणि पुढे इन्शुलिनचे इंजेक्शन यांचे धडे तेथे दिले जात. प्रशिक्षित परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन शिकवीत. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम हे एका रथाचे तीन घोडे असून त्यांना हाकणारा सारथी स्वतः रुग्ण आहे, हे त्यांचे रूपक पुढे सर्वत्र प्रचलित झाले.

जॉस्लिन यांच्या कार्याला दुसरीही बाजू आहे. त्यांची शिकवण शिस्तीची होती आणि तिला नैतिकतेचा रंग होता. साखर नियंत्रणात असणे हे चारित्र्याचे, तर ती वाढणे हे दुर्बलतेचे लक्षण ठरण्याचा धोका त्यात होता. आजही तपासणीचा अहवाल घेऊन आलेला रुग्ण परीक्षेतील अनुत्तीर्ण विद्यार्थ्याप्रमाणे डॉक्टरांसमोर मान खाली घालून बसतो. जॉस्लिन यांनी रुग्णाला ज्ञान दिले. निर्णयाचा अधिकार मात्र बहुतांशी आपल्याकडेच ठेवला.

४. इन्शुलिनने निर्माण केलेली गरज :
१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या अर्कावर प्रयोग सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो अर्क टोचण्यात आला. पहिला प्रयत्न समाधानकारक ठरला नाही. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेल्या अर्काने २३ जानेवारीपासून अपेक्षित गुण दिसू लागला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लाऊड यांना मिळाले.

इन्शुलिनमुळे मृत्यू टळला. परंतु एक नवी जबाबदारी घरात आली. दिवसातून दोन किंवा अधिक वेळा सुई टोचायची, काचेची सिरिंज उकळून निर्जंतुक करायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून धार लावायची आणि मात्रा जेवणाशी जुळवायची. मात्रा कमी पडली तर साखर वाढे, अधिक झाली तर रुग्ण बेशुद्ध पडे. रुग्णालयात राहून आयुष्यभर इन्शुलिन घेणे कोणालाच शक्य नव्हते. हे औषध रुग्णाला शिकविल्याशिवाय देताच येत नव्हते.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील रॉबिन लॉरेन्स (१८९२-१९६८) हे स्वतः मधुमेही डॉक्टर होते. मृत्यू अटळ मानून ते फ्लॉरेन्स येथे जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये इन्शुलिन उपलब्ध झाल्याचा निरोप मिळताच ते लंडनला परतले आणि बचावले. १९२५ मध्ये त्यांनी मधुमेही जीवनावर पुस्तक लिहिले. १९३४ मध्ये मधुमेही लेखक एच. जी. वेल्स यांच्यासमवेत त्यांनी इंग्लंडमध्ये मधुमेहींची संघटना उभारली. डॉक्टर आणि रुग्ण येथे प्रथमच एका व्यासपीठावर सदस्य म्हणून आले. त्यापूर्वीच, १९२६ मध्ये, लिस्बन येथे अर्नेस्तू रोमा यांनी गरीब मधुमेहींच्या साहाय्यासाठी संस्था स्थापन केली होती. मोफत इन्शुलिन आणि त्याच्या वापराचे शिक्षण या दोन्ही गोष्टी तेथे जोडीने दिल्या जात. ज्याला इन्शुलिन विकत घेता येत नाही त्याला केवळ शिकवून भागत नाही, आणि ज्याला ते फुकट मिळते त्याला न शिकवून चालत नाही, हे सूत्र लिस्बनने इतक्या लवकर ओळखले होते.

५. परीक्षानळी ते बोटातील रक्ताचा थेंब :
या काळात रुग्णाजवळील मोजमापाचे साधन म्हणजे बेनेडिक्ट कसोटी होय. स्टॅन्ले बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध केलेले हे निळे अभिकारक महाविद्यालयीन प्रयोगशाळांना परिचित आहे. पाच मिलिलिटर अभिकारकात मूत्राचे आठ थेंब घालून ते मिश्रण उकळले, की साखरेच्या प्रमाणानुसार निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी होतो. घराघरांत स्पिरिटच्या दिव्यावर ही परीक्षानळी तापविली जाई. १९४१ मध्ये ज्योतीशिवाय आपोआप उकळी आणणारी क्लिनिटेस्ट ही गोळी आली, तर १९५६ मध्ये मूत्रात बुडवावयाची क्लिनिस्टिक्स ही पट्टी आली.

मूत्रतपासणीला मूलभूत मर्यादा होत्या. रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यावरच ती मूत्रात उतरते आणि ही पातळी व्यक्तीनुसार बदलते. शिवाय मूत्रात दिसते ती काही तासांपूर्वीची स्थिती. साखर धोकादायकरीत्या खाली गेली तर मूत्र त्याची सूचनाच देत नाही. अशा अंधूक मापाच्या आधारे नियंत्रण किती काटेकोर ठेवावे, याविषयी डॉक्टरांमध्येच दुमत होते. जॉस्लिन यांचा पक्ष कडक नियंत्रणाचा होता, तर न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉलस्टॉय यांच्या मते रुग्णाला बरे वाटत असेल व वजन टिकून असेल, तर मूत्रातील साखरेची फार चिंता करण्याचे कारण नव्हते. हा वाद काही दशके निर्णायक पुराव्याविना चालू राहिला.

१९६५ च्या सुमारास डेक्स्ट्रोस्टिक्स ही रक्ताची चाचणीपट्टी आली. थेंब ठेवून साठ सेकंदांनी पट्टी धुवायची व तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, अशी तिची रीत होती. १९७० च्या सुमारास हा रंग वाचणारे विजेवरील यंत्र बाजारात आले. ते किलोहून अधिक वजनाचे, सुमारे पाचशे डॉलर किमतीचे आणि डॉक्टरांसाठीच होते. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही अमेरिकी अभियंत्याने ते डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावे मिळविले. दिवसातून अनेक वेळा रक्त तपासून त्यांनी स्वतःचे इन्शुलिन आणि आहार यांची जुळणी केली. आपले निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांनी स्वीकारले नाहीत, तेव्हा त्यांनी चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९८३ मध्ये ते डॉक्टर झाले. आपल्याच रक्तातील साखर मोजण्याचा अधिकार मिळविण्यासाठी एका रुग्णाला पदवी घ्यावी लागावी, ही घटना त्या काळातील अधिकारविभागणीवर पुरेसा प्रकाश टाकते.

१९७८ मध्ये लंडन व नॉटिंगहॅम येथील डॉक्टरांचे अभ्यास ‘लान्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य रुग्ण घरी रक्ततपासणी विश्वासार्हपणे करू शकतात आणि त्यामुळे नियंत्रण सुधारते, असे त्यांतून दिसले. याच दशकात एचबीए१सी ही चाचणीही पुढे आली. तेहरान येथे सॅम्युएल राहबर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधील वेगळेपण नोंदविले होते. या चाचणीने गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर कळू लागली आणि शिक्षणाचा परिणामही मोजता येऊ लागला.

६. शिक्षणाची उपयुक्तता सिद्ध करणारे प्रयोग :
१९७२ मध्ये लिओना मिलर यांनी लॉस एंजलिस येथील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातील अनुभव प्रसिद्ध केला. गरीब रुग्णांना प्राथमिक शिक्षण आणि अडचण आल्यास दूरध्वनीवरून सल्ला, एवढ्याच उपायांनी मधुमेही बेशुद्धावस्थेसारख्या गंभीर कारणांसाठी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. जिनिव्हा येथे झां-फिलिप असाल यांनी १९७५ मध्ये मधुमेहींसाठी उपचार व शिक्षण यांचा एकत्रित विभाग सुरू केला. रुग्ण कसा शिकतो हे डॉक्टरांनी शिकले पाहिजे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे मायकेल बर्गर व इन्ग्रिड म्युलहाउझर यांनी पाच दिवसांचा गटशिक्षणाचा अभ्यासक्रम विकसित केला. इन्शुलिनची मात्रा आहारानुसार स्वतः बदलण्यास तेथे रुग्णांना शिकविले जाई. निर्णयाचा अधिकार येथे प्रथमच पद्धतशीरपणे रुग्णाकडे सोपविला गेला. याच धर्तीवरील ब्रिटिश प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. १६९ रुग्णांच्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनी प्रशिक्षित गटाचे सरासरी एचबीए१सी ८.४ टक्के, तर प्रतीक्षेतील गटाचे ९.४ टक्के होते.

कडक नियंत्रणाविषयीचा जुना वाद १९९३ मध्ये मिटला. अमेरिका व कॅनडा येथील २९ केंद्रांत १,४४१ रुग्णांवर झालेल्या दशकभराच्या चाचणीत कसोशीने उपचार घेणाऱ्या गटात दृष्टिपटलाचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी आढळला. मात्र साखर गंभीररीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. कसोशीचा उपचार म्हणजे अधिक इन्शुलिन एवढाच त्याचा अर्थ नव्हता. दिवसातून किमान चार वेळा रक्ततपासणी, दरमहा भेट आणि मधल्या काळात दूरध्वनीवरून संपर्क यांचा त्यात समावेश होता. ब्रिटनमधील ५,१०२ रुग्णांच्या अभ्यासाने १९९८ मध्ये प्रकार दोनच्या मधुमेहातही नियंत्रणाचे महत्त्व सिद्ध केले. अमेरिकेत मिशिगन येथील रॉबर्ट अँडरसन व मार्था फनेल यांनी १९९१ पासून रुग्ण-सबलीकरणाची मांडणी केली. रुग्णाने आज्ञापालन करावे ही अपेक्षा सोडून, त्याने जाणतेपणी निवड करावी यासाठी त्याला समर्थ करणे, हा तिचा गाभा होय.

या प्रयोगांच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. २००२ मधील एका एकत्रित विश्लेषणानुसार प्रकार दोनच्या मधुमेहात स्वव्यवस्थापनाच्या शिक्षणानंतर एचबीए१सी तत्काळ सरासरी ०.७६ टक्क्यांनी कमी झाले. काही महिन्यांनी हा फरक ०.२६ टक्क्यांवर आला. एका टक्क्याची घट साधण्यासाठी सुमारे २४ तासांचे अध्यापन लागते, असाही अंदाज त्यात होता. शिक्षण हा एकदाच घ्यावयाचा डोस नाही. ते चालू ठेवावे लागते. इन्शुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांच्या २०१७ मधील अमेरिकी अभ्यासात घरी नित्य रक्तशर्करा मोजणाऱ्यांचे नियंत्रण वर्षअखेरीस न मोजणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या चांगले आढळले नाही. आकडा पाहून पुढे काय करावे हे ज्ञात नसेल किंवा करण्याची मोकळीक नसेल, तर यंत्र केवळ आकडा दाखविते.

७. भारतीय संदर्भ :
वरील इतिहास मुख्यतः पाश्चात्त्य रुग्णालयांत घडला. पण त्याच्या कसोटीचे क्षेत्र आज भारत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही, तर १३.६ कोटी मधुमेहपूर्व स्थितीतील व्यक्ती आहेत. येथेही प्रयत्नांची परंपरा आहे. चेन्नई येथे एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये सरकारी रुग्णालयात मधुमेहासाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९५५ मध्ये डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकाराने मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसण्यास सडपातळ, पण शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असलेल्या भारतीयांकडे लक्ष वेधले. ‘मी तर बारीक आहे, मला मधुमेह कसा होईल’ या सार्वत्रिक समजाला त्यामुळे शास्त्रीय उत्तर मिळाले.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील एका अभ्यासात मधुमेहपूर्व स्थितीतील ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना भ्रमणध्वनीवरून नियमित संदेश पाठविण्यात आले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्या गटात १८ टक्क्यांना, तर इतरांत २७ टक्क्यांना मधुमेह झाला. २०१६ मध्ये भारत व पाकिस्तानातील १,१४६ रुग्णांच्या अभ्यासात डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समन्वयक आणि डॉक्टरांना संगणकीय मार्गदर्शन या जोडीचा उपयोग झाला. साखर आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांचे लक्ष्य गाठणाऱ्यांचे प्रमाण त्या गटात १८.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारात ८.१ टक्के होते. प्रमाण दुपटीहून अधिक झाले, ही जमेची बाजू; तरीही पाचांपैकी चार रुग्ण लक्ष्यापासून दूरच राहिले, हे वास्तव आहे.

यामागे शिक्षणाच्या भाषेचा आणि आशयाचा प्रश्न आहे. बॉस्टनच्या पाठशाळेतील पाव-बटाट्याचे गणित महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. चहातील साखर सोडली म्हणजे पथ्य झाले. भात वर्ज्य, पण भाकरी कितीही चालते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी हलकी असते. कारल्याचा रस घेतला की गोळी नको, असे समज घरोघरी आढळतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. एकादशीचा कडक उपवास करून गोळी वा इन्शुलिन नेहमीच्याच मात्रेत घेणारा रुग्ण साखर घसरून संकटात सापडू शकतो. शिवाय घरातील स्वयंपाक बहुधा एक व्यक्ती करते आणि औषध दुसरी घेते. मधुमेह स्त्रीला झाला असेल, तर तिचे पथ्य सर्वांच्या जेवणानंतर उरते. अशा समाजात शिक्षण एकट्या रुग्णाचे नव्हे, तर कुटुंबाचे व्हावे लागते.

अधिकाराचा प्रश्नही येथे अधिक बिकट आहे. ‘डॉक्टरांना विचारून सांगतो’ ही आपल्याकडील नम्रतेची रीत आहे. प्रश्न विचारणे हा उद्धटपणा आणि मात्रा स्वतः बदलणे हा अपराध मानला जातो. चाचणीपट्ट्यांचा खर्च, बाह्यरुग्ण विभागातील गर्दी आणि डॉक्टरांजवळील अपुरा वेळ यांमुळे सल्ला ‘गोड बंद करा, चालत जा’ एवढ्यावर आटोपतो. तो चुकीचा नाही. परंतु ते शिक्षणही नव्हे.

८. समारोप :
प्रस्तुत आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मधुमेहातील प्रत्येक नव्या साधनाने रुग्णशिक्षणाची गरज कमी न करता वाढविली. दुसरा असा की, मोजमाप, ज्ञान आणि अधिकार यांपैकी एकाचीही उणीव राहिली, तर उरलेल्या दोहोंचे मोल घटते. बुशार्दा यांच्या रुग्णांजवळ मोजमाप होते, अधिकार नव्हता. जॉस्लिन यांच्या रुग्णांजवळ ज्ञान होते, पण निर्णय परका होता. आजच्या अनेक रुग्णांजवळ यंत्र आहे, पण त्यातील आकड्याचा अर्थ सांगणारे कोणी नाही. तिसरा असा की, लिस्बनच्या उदाहरणाप्रमाणे शिक्षण आणि औषधाची उपलब्धता यांची फारकत करता येत नाही. जेथे इन्शुलिनच परवडत नाही, तेथे स्वव्यवस्थापनाचा उपदेश म्हणजे रुग्णावर दोष ढकलणे होय.

मधुमेहाचे शिक्षण हे मूलतः अध्यापनाचे कार्य आहे आणि म्हणून ते केवळ वैद्यकाच्या कक्षेत राहू शकत नाही. गृहविज्ञान, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, मराठी भाषा आणि समाजकार्य या शाखांच्या अध्यापकांचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. बेनेडिक्ट कसोटी आजही प्रात्यक्षिक वहीत लिहिली जाते. परंतु त्या विटकरी रंगावर कधीकाळी घराघरांतील माणसांचे जेवण आणि जगणे ठरत होते, हे विद्यार्थ्याला क्वचितच सांगितले जाते. ते सांगितले गेले, तर वर्गातील प्रात्यक्षिक त्याच्या घरातील आजी-आजोबांपर्यंत पोहोचेल. वर्षातील उरलेल्या ८,७५९ तासांची सोबत अशाच मार्गांनी उभी राहू शकते.